उणे ४० अंशांतली पारध

कॅनडाच्या युकॉन प्रदेशातील स्नॅग येथे विमानांसाठी एक लहानसे ठाणे होते. ३ फेब्रुवारी १९४७ रोजी तिथले तापमान उणे ६३ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले. उत्तर अमेरिका खंडाच्या मुख्य भूमीवर इतकी थंडी आजवर दुसरीकडे कुठे नोंदली गेलेली नाही. हवामान-निरीक्षकांना त्या दिवशी स्वतःचा श्वास गोठतानाचा आवाज ऐकू येत होता. कित्येक किलोमीटर दूरच्या वस्तीतल्या कुत्र्यांचे भुंकणे शेजारून यावे तसे येत होते. जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा फार थंड असली की ध्वनी वर निसटत नाही, खाली वळतो, त्याचा हा परिणाम.

उणे ६३ हा अपवाद झाला. पण उणे ३० आणि उणे ४० अंश हे उत्तर कॅनडा, अलास्का आणि सायबेरियातल्या हिवाळ्याचे नेहमीचे आकडे आहेत. दिवस चार-पाच तासांचा, नद्या गोठलेल्या, जंगल कंबरभर हिमाखाली. फरसाठी प्राणी धरणारी माणसे सापळे घेऊन जंगलात शिरतात ती नेमकी याच महिन्यांत. उन्हाळा टाळून त्यांनी हिवाळा का निवडला, या प्रश्नाचा माग काढत गेले की प्राण्याच्या केसापासून राजाच्या सनदेपर्यंत आणि तिथून आधुनिक परिसंस्थाशास्त्रापर्यंत जाता येते. या धंद्यातली प्रत्येक गोष्ट थंडीने ठरवलेली आहे. थंडीचे आणि जंगलाचे हे ज्ञान प्राणी मारण्यासाठी जमवले गेले, आणि प्राणी संपत आले तेव्हा त्यांना वाचवायलाही तेच कामी आले.

केस केव्हा तयार होतो

फरवाल्या प्राण्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे केस लांब, राठ आणि चकचकीत असतात. ते पाणी आणि हिम कातडीपर्यंत पोहोचू देत नाहीत. त्यांच्या मुळाशी दाट, मऊ लव असते आणि ऊब राखण्याचे खरे काम तिचे. गोधडीच्या थरांत अडकलेली हवा जशी अंगाची ऊब धरून ठेवते, तशी लवेत अडकलेली स्थिर हवा प्राण्याला थंडीपासून वेगळे ठेवते. नदी-तळ्यांत राहणाऱ्या बीव्हर या कुरतडणाऱ्या प्राण्याच्या अंगावर एका चौरस सेंटीमीटरमध्ये साधारण १२,००० ते २३,००० केस असतात. माणसाच्या संपूर्ण डोक्यावर मिळून सुमारे १ लाख.

ही व्यवस्था किती परिणामकारक आहे, हे पेर शोलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलास्कातल्या पॉइंट बॅरो येथे मोजले. १९५० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार ध्रुवीय कोल्ह्याला उणे ४० अंशांपर्यंत शरीर गरम राखण्यासाठी जादा ऊर्जा खर्चावी लागत नाही. उघड्या अंगाच्या माणसाला ती सुमारे २७ अंशांखालीच खर्चावी लागते.

हा हिवाळी अंगरखा वर्षभर नसतो. दिवस लहान होऊ लागले की प्राण्याच्या शरीराला इशारा मिळतो, उन्हाळी केस गळतात आणि दाट केस येऊ लागतात. वाढणाऱ्या केसाच्या मुळाशी रंगद्रव्य साठलेले असते, त्यामुळे अशा वेळी सोललेले कातडे आतून निळसर काळे दिसते. वाढ पूर्ण झाली की रंगद्रव्य केसात गेलेले असते आणि कातड्याची आतली बाजू स्वच्छ, साईच्या रंगाची होते. फरचा पारखी कातडे आधी उलटून पाहतो ते यासाठी. ऑक्टोबरात मारलेला प्राणी म्हणजे वाया गेलेला जीव. केस गळतात, भाव मिळत नाही. फेब्रुवारी सरल्यावर ऊन वाढते, केस घासले जातात, रंग उतरतो. शिवाय मार्टेनसारख्या प्राण्यांच्या माद्या मार्च-एप्रिलमध्ये विणार असतात. त्यामुळे मार्टेनचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच. पाण्यात राहणाऱ्या बीव्हरची फर मात्र उशिरा, हिवाळा संपता संपता सर्वोत्तम होते.

एका राजाच्या दोन सनदा

मार्च १६६८ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने लग्नात पोर्तुगिजांकडून मिळालेली मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने दिली. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी, २ मे १६७० रोजी, त्याच राजाने दुसऱ्या एका कंपनीला सनद दिली. तिचे नाव हडसन्स बे कंपनी. हडसन उपसागराला मिळणाऱ्या सर्व नद्यांचे खोरे तिला मिळाले. ते सुमारे ३९ लाख चौरस किलोमीटर भरते, म्हणजे आजच्या भारताहून मोठे. भाडे असे ठरले की राजा किंवा त्याचा वारस त्या भूमीत येईल तेव्हा दोन एल्क हरणे आणि दोन काळे बीव्हर द्यायचे. तिथे पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या क्री, डेने आणि इतर लोकांना कोणी विचारले नाही.

कंपनीला बीव्हर हवा होता तो युरोपातल्या टोप्यांसाठी. बीव्हरच्या लवेच्या प्रत्येक केसावर सूक्ष्म काटे असतात. ते एकमेकांत गुंतले की विणकाम न करता घट्ट नमदा तयार होतो. पाऊस पडला तरी त्याच्या टोपीचा आकार बिघडत नाही. त्यातही सर्वाधिक मागणी होती ती आदिवासींनी हिवाळाभर अंगावर पांघरलेल्या कातड्यांना. सततच्या वापराने राठ केस गळून गेलेले असत आणि अंगाच्या तेलाने लव मऊ झालेली असे; टोपीवाल्याचे निम्मे काम आधीच झालेले असे. थंडीत तयार झालेले बीव्हरचे एक उत्तम कातडे हेच तिथले चलन झाले. बंदूक, कांबळे, किटली आणि सुया यांचे भाव बीव्हरांत सांगितले जात.

सायबेरियात हीच भूमिका सेबल या प्राण्याने बजावली. रशियाचा झार तिथल्या लोकांकडून फरच्या रूपाने कर घेई. सेबलच्या मागे जात रशियन माणसे १५८० च्या दशकात उरल ओलांडून निघाली आणि १६३९ साली प्रशांत महासागराला भिडली. सायबेरियाची सारी रुंदी साठ वर्षांत पादाक्रांत झाली ती मुख्यतः फरच्या लोभाने.

ट्रॅपलाइनवर

प्रत्यक्ष काम चालते ते ट्रॅपलाइनवर. ट्रॅपलाइन म्हणजे जंगलातून काढलेली वाट. तिच्यावर ठरावीक अंतराने सापळे असतात आणि एका दिवसाच्या चालीवर लाकडी झोपड्या. पूर्वी ही वाट स्नोशू घालून आणि कुत्र्यांच्या घसरगाडीने कापली जाई; १९६० च्या दशकापासून स्नोमोबाइल आले. कुत्री भूक लागली की मासे मागतात, पण उणे ४० मध्ये बंद पडत नाहीत. त्यामुळे काही जण आजही त्यांच्यावरच भरवसा ठेवतात.

कडाक्याच्या थंडीत सापळा लावणे हे मुख्यतः ओलाव्याशी झुंजणे असते. उबदार हाताने सापळा हाताळला की त्यावरचे हिम वितळते आणि लगेच बर्फ होऊन बिजागरी पकडते. मग प्राणी आला तरी सापळा मिटत नाही. त्यासाठी सापळे बाहेरच्याच थंडीत ठेवतात आणि सुक्या हिमातच मांडतात. झोपडीतल्या उबेतून थेट बाहेर नेलेला सापळा बाष्पाने माखतो. नवे सापळे स्प्रूसच्या सालीबरोबर उकळतात, त्यामुळे तेलाचा व माणसाचा वास जातो आणि लोखंड काळसर होते.

मार्टेन हा मुंगसासारख्या बांध्याचा, एक किलोच्या आसपास वजनाचा चपळ प्राणी. त्याच्यासाठी झाडाला एक बारीक खांब तिरका टेकवतात, वरच्या टोकाला मासा किंवा बीव्हरचे मांस बांधतात आणि वाटेत सापळा बसवतात. कितीही हिम पडले तरी उंचावरचा सापळा बुजत नाही आणि मिळालेले जनावर उंदरांपासून वाचते. स्प्रूसच्या दाट फांद्यांखालची जागा पसंत करतात, कारण तिथे हिम कमी साचते.

तापमापकाकडेही लक्ष ठेवावे लागते. थंडी उणे ४० च्या खाली गेली की मार्टेन हिंडत नाही. पडलेल्या ओंडक्यांखाली, हिमाच्या थराखाली तो दडून बसतो. वर उणे ४० असताना अर्धा-पाऊण मीटर हिमाखालची जमीन शून्याच्या जरा खालीच असते. थंडीची लाट ओसरून हवा जरा सौम्य झाली की भुकेले प्राणी बाहेर पडतात आणि सापळे भरतात.

बर्फाखालचा बीव्हर

सर्वांत कसब लागते ते बीव्हरसाठी. बीव्हर हिवाळी झोप घेत नाही. तळे गोठण्याआधी तो ॲस्पेन आणि विलोच्या फांद्या घराजवळ पाण्याखाली रोवून हिवाळ्याची बेगमी करतो. काटक्या आणि चिखलाचे त्याचे घर थंडीत दगडासारखे कडक होते. बाहेर उणे ३० असले तरी आत शून्याच्या आसपासच तापमान राहते. घराच्या माथ्यावर हवेसाठी छिद्र असते. कडक थंडीत त्यातून वाफ निघते आणि भोवती तुषार साचतात. हिमाने झाकलेल्या दहा घरांपैकी कोणत्या घरात कुटुंब आहे, हे थंडी अशी उघड करून दाखवते.

पाण्याखालच्या त्यांच्या वाटा कुठे आहेत, हे क्री शिकारी बर्फावर दांडा आपटून आवाजावरून ओळखत आले आहेत. जागा सापडली की मीटरभर जाडीचा बर्फ पहारीने फोडायचा आणि त्यातून वाळलेला खांब तळापर्यंत उतरवायचा. खांबाला तारेचे फास आणि हिरव्या ॲस्पेनची मोळी बांधलेली असते. खांब वाळकाच हवा, कारण हिरवा असला तर बीव्हर खांबच कुरतडून नेतो. शेवटी भोकावर फांद्या आणि हिम पसरायचे, म्हणजे बर्फ पुन्हा तेवढा जाड होत नाही. महिनाभर साठवणीतल्या फांद्या खाऊन कंटाळलेल्या बीव्हरला ताजी साल मोह घालते. एवढे सगळे न दिसणाऱ्या पाण्यात, आधी मनात नकाशा काढून करायचे असते.

माणसाचे शरीर

सापळे लावणाऱ्याचा, म्हणजे ट्रॅपरचा, पहिला शत्रू घाम. ओले कपडे ऊब धरत नाहीत, म्हणून कितीही गारठा असला तरी संथ चालायचे, चढावर कोटाची बटणे उघडायची, थांबताच बंद करायची. पायांत मूसच्या कातड्याचे मुकलुक. त्यातून बाष्प बाहेर जाते आणि पाय कोरडे राहतात. हातमोजे गळ्यातल्या दोरीला बांधलेले असतात, कारण वाऱ्याने मोजा उडाला तर बोटे गेलीच. टोपीच्या कडेला वुल्व्हरिनची फर शिवतात. तिच्यावर साचलेला श्वासाचा तुषार हाताने झटकताच पडतो. कुऱ्हाडीचे पाते वापरण्याआधी जरा गरम करतात, नाहीतर ठिसूळ झालेल्या पोलादाचा टवका उडतो.

दुसरा शत्रू म्हणजे बर्फावरचे पाणी. ताज्या हिमाच्या वजनाने नदीवरचा बर्फ खाली दबतो, भेगांतून पाणी वर येते आणि हिमाच्या चादरीखाली उणे ४० मध्येही न गोठता राहते. वरून पांढरी, पक्की दिसणारी वाट पायाखाली घोटाभर पाण्यात उतरते. पाय भिजले की काही मिनिटांत आग पेटलीच पाहिजे. म्हणून भूर्जाची साल आणि काड्यापेटी कोरड्या खिशात, हाताला चटकन लागेल अशी ठेवायची, हा तिथला अलिखित नियम आहे.

पारा उणे ३९ अंशांजवळ गोठतो, त्यापुढची थंडी पाऱ्याचा तापमापक सांगू शकत नाही. एकोणिसाव्या शतकात युकॉनमधला व्यापारी जॅक मॅक्वेस्टन याने बाटल्यांची रांग लावली होती. एकीत पारा, मग रॉकेल, मग जमैकाच्या आल्याचा अर्क आणि शेवटी पेरी डेव्हिस नावाचे वेदनाशामक औषध. कोणती बाटली गोठली यावरून आज प्रवासाला निघावे की नाही, हे लोक ठरवत.

झोपडीत परतल्यावरही काम संपत नाही. दगडासारखे गोठलेले प्राणी चुलीपासून दूर टांगून हळूहळू वितळू द्यावे लागतात. घाई केली तर केस सुटतात. मग सोलणे, चरबी खरवडणे आणि कातडे फळीवर ताणून वाळवणे. मार्टेन, लिंक्स हे रानमांजर आणि कोल्हा मोज्यासारखे अखंड सोलतात. बीव्हर पोटाकडून उघडून गोल ताणतात.

हिशेबाच्या वह्या

कंपनीचे कारकून दरवर्षी किती कातडी आली, हे नेमाने लिहीत. त्या आकड्यांत विसाव्या शतकात एका तरुण ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाला वेगळेच काही दिसले. चार्ल्स एल्टन यांनी लिंक्सच्या कातड्यांचे आकडे तपासले तेव्हा ती संख्या साधारण दर दहा वर्षांनी उंच चढते आणि कोसळते, असे आढळले. १९४२ साली मेरी निकल्सन यांच्याबरोबर त्यांनी याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. मॅकेन्झी नदीच्या प्रदेशातले १८२१ ते १९३४ या काळातले लिंक्सचे आकडे आज जगभरच्या विद्यार्थ्यांना संख्याशास्त्र शिकताना भेटतात.

चढउताराच्या मुळाशी हिमससा आहे. ससे वाढतात, त्यांच्यावर जगणारे लिंक्स एक-दोन वर्षांनी वाढतात, मग ससे कोसळतात आणि पाठोपाठ लिंक्स. युकॉनच्या क्लुआनी भागात १९८० आणि १९९० च्या दशकांत चार्ल्स क्रेब्स आणि सहकाऱ्यांनी हे प्रयोगाने तपासले. सशांना जादा अन्न दिले तर त्यांची संख्या सुमारे तिप्पट झाली, शिकारी प्राण्यांना कुंपणाने दूर ठेवले तर दुप्पट, आणि दोन्ही केले तर अकरा पट. अन्न आणि भक्षक मिळून हे चक्र फिरवतात, हे स्पष्ट झाले. नफ्यासाठी ठेवलेल्या नोंदींतून निसर्गाच्या चक्राचा पहिला भक्कम पुरावा मिळाला. क्री आणि डेने शिकाऱ्यांना ससे येतात-जातात हे आधीपासून ठाऊक होतेच.

रिकामे तळे, भरलेले तळे

व्यापाराने हे ज्ञान वापरले, पण त्यातला संयम बाजूला ठेवला. क्री परंपरेत प्रत्येक शिकारभूमीला एक जबाबदार जाणता माणूस असतो. कुठे किती घरे आहेत, यंदा कोणते तळे सोडायचे, हे तो ठरवतो. बीव्हरची हाडे कुत्र्यांना न देता पाण्यात परत सोडतात किंवा झाडाला टांगतात, कारण जनावराचा मान राखला नाही तर ते पुन्हा स्वतःला शिकाऱ्याच्या हाती देत नाही, अशी श्रद्धा आहे. १९२० च्या दशकात रेल्वे आली, भाव चढले, बाहेरचे ट्रॅपर आले आणि जेम्स उपसागराच्या परिसरातले बीव्हर जवळपास संपले. मांस गेले, उत्पन्न गेले, क्री कुटुंबे उपासमारीला लागली.

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्याच रुपर्ट हाउस या ठाण्यावरचा हडसन्स बे कंपनीचा अधिकारी जेम्स वॉट आणि त्याची पत्नी मॉड यांनी क्युबेक सरकारकडून मोठा प्रदेश राखीव करून घेतला. तो राखला मात्र क्री लोकांनी. जाणत्या माणसांनी आपापल्या भूमीतली बीव्हरची घरे दरवर्षी मोजली आणि शिकार थांबवली. काही वर्षांत तळी पुन्हा भरली. मग मोजणीनुसार ठरलेल्या मर्यादेत शिकार सुरू झाली आणि ही पद्धत शेजारच्या प्रदेशांत पसरली. रशियात सेबल संपत आला तेव्हा १९१६ साली बैकाल सरोवराकाठी बार्गुझिन अभयारण्य झाले, पुढे शिकारबंदी आली आणि सेबलही परतला.

ब्रिटिश कोलंबियाने १९२० च्या दशकापासून ट्रॅपलाइनची नोंदणी सुरू केली. एक जमीन एका माणसाच्या जबाबदारीची झाली की तो पुढच्या वर्षाचा विचार करतो, हा तिचा फायदा. पण त्याच नोंदणीत अनेक आदिवासी कुटुंबांच्या भूमी बाहेरच्यांच्या नावावर गेल्या, हेही सांगितले पाहिजे.

मरणाचा प्रश्न

सापळ्यात प्राणी मरतो आणि कसा मरतो हा प्रश्न टाळून या विषयावर लिहिणे अप्रामाणिक ठरेल. पाय पकडणाऱ्या जुन्या पोलादी सापळ्यात प्राणी तासन्‌तास, कधी दिवस दिवस अडकून राही. कॅनडाच्या वायव्य प्रदेशातला ट्रॅपर फ्रँक कोनिबेअर हे पाहून व्यथित झाला. त्याने अनेक वर्षे खपून प्राण्याला झटकन मारणारा सापळा बनवला आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस तो बाजारात आला. युरोपीय समुदायाने (आजच्या युरोपीय संघाने) १९९१ साली पाय पकडणाऱ्या सापळ्यांवर बंदीचा नियम केला. १९९७ मध्ये कॅनडा, रशिया आणि युरोपीय संघ यांच्यात सापळ्यांच्या मानकांचा करार झाला. त्यानुसार मार्टेनच्या सापळ्याने प्राणी १२० सेकंदांत बेशुद्ध झाला पाहिजे आणि चाचणीत किमान ८० टक्के प्राण्यांच्या बाबतीत हे साधले पाहिजे. दोन मिनिटेही कमी नाहीत. हे मानक अजून कठोर व्हायला हवे, असे मला वाटते.

जगातली बहुतांश फर आज जंगलातून येत नाही. ती पिंजऱ्यांत वाढवलेल्या मिंक आणि कोल्ह्यांची असते. भारताने २०१७ साली मिंक, कोल्हा आणि चिंचिला यांच्या फरच्या आयातीवर बंदी आणली. पिंजऱ्यात आयुष्य काढलेला प्राणी आणि शेवटच्या क्षणापर्यंत मोकळा राहिलेला प्राणी यांतला फरक या वादात विसरू नये.

आज फरचे भाव कोसळले आहेत, मोठी लिलावगृहे बंद पडली आहेत आणि उत्तरेकडच्या नद्या उशिरा गोठू लागल्याने जुन्या वाटांवरचा बर्फ भरवशाचा राहिलेला नाही. फरचा कोट मागे पडला याचे दुःख करण्याचे कारण नाही. पण जंगलात राहून त्याची मोजदाद करणारी माणसे मागे पडली तर नुकसान मोठे आहे. जेम्स उपसागराच्या क्री लोकांनी याचे उत्तर शोधले आहे. जलविद्युत प्रकल्पाविरुद्ध लढून १९७५ साली केलेल्या करारात त्यांनी एक योजना मिळवली. तिच्यात जे कुटुंब वर्षात किमान १२० दिवस आपल्या भूमीवर शिकारीत आणि सापळ्यांच्या कामात घालवते, त्याला त्या दिवसांचे उत्पन्न मिळते. कातडी किती आणली, याच्याशी पैशाचा संबंध नाही. जंगलात काढलेले दिवस हेच मोलाचे काम आहे, असे या योजनेने मान्य केले. बीव्हर परतला तो अशा दिवसांमुळेच. जिथे जिथे माणसे आपल्या जंगलाला अजून नावानिशी ओळखतात, तिथे सरकारांनी हा धडा गिरवायला हवा.